टेपचं दुसरं टोक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यात मी पदरचं काही घातलेलं नाही. घालायलाही अंगात जोर लागतो. तेवढा आता उरलेला नाही.

रविवारची दुपार. लख्ख ऊन. जुन्या कोर्टाची बंद इमारत.

मी आणि माझा थोरला भाऊ जुन्या इमारतींची मापं घेतो. दुरुस्तीआधी नकाशे काढून द्यायचे, हा आमचा धंदा. टेपचं टोक दादा धरतो, आकडा मी वाचतो. टोक भिंतीला टेकलं की दादा टेपला दोन हिसके देतो. ओरडून ओरडून घसा बसतो, म्हणून ही खूण.

हे कोर्ट म्हणजे प्रमाणबद्धतेचा नमुना. मधे मोठं दालन. डावीकडे जितके खांब, तितकेच उजवीकडे. दारासमोर दार, खिडकीसमोर खिडकी. अशी इमारत मिळाली की आमच्या धंद्यात सगळेच डावी बाजू मोजतात आणि कॉम्प्युटरवर तीच उलटवून उजवी करतात. आम्हीही तेच केलं होतं.

"अर्धं काम फुकटात," दादा हसला. "माणसंही अशीच असती तर काय मजा!"

माणसं तशी नसतात. दादाच्या उजव्या भुवईवर लहानपणीच्या खोकेचा व्रण होता. डावीवर काहीच नव्हतं.

निघण्याआधी खात्री म्हणून उजवीकडचं एक माप घ्यायचं ठरलं. टोक घेऊन दादा उजव्या दारातून आत गेला. मी दालनातच थांबलो.

पावलं लांब गेली… मग थांबली.

दोन हिसके.

आकडा डावीकडच्या आकड्याशी तंतोतंत जुळला.

"झालं रे दादा, ये!"

"आलो," आवाज आला…

डावीकडून.

दादा डाव्या दारातून बाहेर आला. मागून तिकडे यायला वाटच नव्हती. नकाशा मीच काढला होता.

"तू इकडून कसा आलास?"

"कसा म्हणजे? तू पाठवलंस तिथूनच आलो. चल, पोटात कावळे ओरडतायत."

माझ्या हातातली टेप अजून ताणलेली होती… उजवीकडे.

आणि तो व्रण त्याच्या डाव्या भुवईवर होता.

मी टेप तिथंच टाकली आणि त्याच्याबरोबर निघालो. दुसरं काय करायचं, सुचलंच नाही.

घरी तो डाव्या हातानं जेवला. "हात दुखतोय का हो?" वहिनीनं विचारलं. आई न जेवता नुसती बघत राहिली. मागाहून स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "माझं लेकरू कुठं ठेवून आलास?"

मला रडूही आलं नाही. अजून येत नाही.

कोर्टाची दुरुस्ती रखडली आहे. मी रविवारी नवी टेप घेऊन तिथं जातो. टोक उजव्या दारात ठेवतो आणि मधे येऊन उभा राहतो. आत जायची हिंमत होत नाही.

थोड्या वेळानं टेप आपोआप सरकायला लागते…

दोन हिसके.

मी आकडा वाचतो. दादाला हाक मारायला तोंड उघडतो.

मग डाव्या दाराकडे नजर जाते, आणि मी गप्प बसतो.