बन्सीलालने निवडलेला चाकू

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, पिंपळ लागतो. माझ्याकडे यातलं काही नाही.

हे घडलं भर दुपारी बारा वाजता. १९९६ चा एप्रिल, सुरतेजवळ हजीऱ्याकडची खाडी. ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा मामा, बन्सीलाल. आजही सुरतेतच, कोसाडला राहतो, जाऊन विचारा. थापा मारायचा त्याचा स्वभाव नाही, आणि ही गोष्ट सांगून त्याची काही शोभा वाढत नाही.

मामा आणि आनंदा एकाच गावचे, अंमळनेरकडचे. सुरतेत दोघं एका ठेकेदाराकडे कामाला. जमिनीखालून गॅसचा पाइप गेलेला, त्याच्यावरून रोज चालायचं. माती खचली का, कुणी खोदलं का, ते बघायचं. मामा गावाच्या टोकाने निघायचा, आनंदा खाडीच्या टोकाने. मध्ये चौदा नंबरचा दगड. तिथे बाराला भेटायचं आणि आपापले पितळी बिल्ले बदलायचे. म्हणजे दोघंही आपला पट्टा खरंच चालले, हे साहेबाला कळायचं.

मग भाकरी खायची. गप्पा, टिंगल, थोडी डुलकी.

या कामाला कमरेला चाकू हवाच. बाभळीच्या फांद्या, दोऱ्या, खाडीत अडकलेली मासेमारीची जाळी... रोज काहीतरी कापावं लागायचं. कोयता जड. मिटणारा चाकू चिखलाने जाम होतो, ऐन वेळी उघडत नाही. म्हणून एका रविवारी दोघं तापीकाठच्या जुन्या बाजारात गेले. चार बोटं पातं, न मिटणारा, म्यानासकट. एवढंच हवं होतं.

एका म्हाताऱ्या लोहाराकडे तसे दोनच उरले होते.

"बन्सी, तूच निवड रे," आनंदा म्हणाला. "माले काय समजस यामा?"

मामाला समजत होतं. त्याचा बाप गावात विळे-खुरपी करायचा. चांगल्या चाकूचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असतं. वाईटाचं बोटभर आत जातं आणि बाकी नुसती लाख भरलेली असते. मूठ दगडावर ठोकली की आवाजावरून कळतं.

मामाने दोन्ही ठोकून पाहिले.

एक भरीव वाजला. साधा, काळपट. दुसरा पोकळ वाजला, पण पितळी टोपीचा, चकचकीत.

मामाने पोकळ उचलला आणि आनंदाच्या हातात दिला. "हा घे. मस्त आहे."

का दिला? मामा म्हणतो, "मला चांगला हवा होता, बस." दुसरं कारण त्याने कधी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी एका दुपारी आनंदा दगडापाशी आला नाही.

साडेबारा झाले. एक झाला.

मामा खाडीकडे निघाला. भरती येऊन ओसरत होती. पाइपाजवळच्या चिखलात आनंदा पालथा पडला होता. डावा पाय नायलॉनच्या जाळ्यात करकचून गुंतलेला. उजव्या हातात चाकूची नुसती मूठ... पातं नाही. भोकातून पिवळी लाख दिसत होती.

पाय सोडवायला त्याने जाळं कापायला घेतलं होतं, आणि पहिल्याच झटक्याला पातं निघालं होतं. मग पाणी चढत गेलं असणार.

आणि मामाने काय केलं? आनंदाची बोटं सोडवली, ती मूठ काढून घेतली आणि खाडीत लांब फेकली. मग ओरडत लोकांना बोलवायला धावला.

हातात चाकू नाही, म्हणजे सुटायची धडपडही केली नाही, असं म्हणत लोकांनी ठरवून टाकलं, प्यायला असेल. खाडीकाठी चोरून गावठी मिळायची. आनंदाने जन्मात थेंब घेतला नव्हता, पण ऐकतो कोण? त्याच्या मुलीला, गायत्रीला, शाळेत पोरं बेवड्याची म्हणून चिडवू लागली. बायको इंदुबाई दारात उभी राहून नवऱ्याबद्दल सगळ्यांना सांगायची, "त्या पेत नव्हतात हो." लोक मान हलवायचे आणि निघून जायचे.

मामाही मान हलवायचा.

दहावं झालं. आनंदाच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. मामा एकटाच आपला पट्टा चालून बाराला चौदा नंबरच्या दगडाशी बसला. भाकरीचं फडकं सोडलं.

टिटव्या ओरडत होत्या. एकदम गप्प झाल्या.

वाराही थांबला.

खाडीच्या बाजूने आवाज आला... चपक... चपक... ओल्या चपलांचा. जवळ आला. दगडापलीकडे थांबला.

कुणी नव्हतं. पुढे रखरखीत माळ, दोन फर्लांगांपर्यंत सगळं दिसेल असा.

मामाने भाकरी तशीच टाकली आणि पळत सुटला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. नोकरी सोडावी तर घरी शोभामामी आणि दोन पोरं. मामा जायचा, देवाचं नाव घेत बसायचा, आणि बाराला पावलं यायची.

चौथ्या दिवशी त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पावलं आली, थांबली. मग कमरेपाशी अगदी हलकं काहीतरी सरकलं...

बऱ्याच वेळाने डोळे उघडले. म्यान रिकामं होतं. चाकू दगडावर होता, ओला. आणि फडक्यातला कांदा मधोमध कापलेला. मोठा अर्धा भाग मामाच्या बाजूला.

आनंदा रोज असंच करायचा. मोठा तुकडा मामाकडे सरकवायचा.

मामाला वाटलं, हा हिशेब मागतोय. चाकू मागतोय, जीव मागतोय. त्या रात्री त्याला अन्न गेलं नाही. सकाळी कामावर न जाता तो आनंदाच्या घरी गेला. इंदुबाई तांदूळ निवडत होती. मामाने तिच्यापुढे जमिनीवर बसून सगळं सांगितलं. ठोकून पाहिलेलं, पोकळ आवाज, फेकलेली मूठ. सगळं. रडत, अडखळत. मधेच कुठेतरी बारा वाजून गेले.

चपक... चपक...

गल्लीतून आवाज आला. उंबऱ्याशी थांबला. इंदुबाईचा हात सुपात थांबला, तिनेही दाराकडे पाहिलं.

दारात ऊन होतं. बाकी कुणी नाही.

मामा म्हणाला, "वहिनी, मला माहीत होतं. चांगला चाकू मी ठेवला."

मग पावलं वळली... आणि सावकाश लांब गेली.

इंदुबाई रडली नाही. म्हणाली, "भाऊ, त्या दिन घर ईसन त्या म्हनेत, बन्सीनी चांगला चाकू माले दिन्हा. साधा सोता ठेवा." चांगला चाकू बन्सीने मला दिला, साधा स्वतःला ठेवला, असं आनंदा बाजारातून घरी येऊन सांगत होता. मग सूप बाजूला ठेवून ती उठली. "चला आता. गल्लीत सगळ्यास्ले सांगा."

मामाने सांगितलं. घरोघरी, ठेकेदारापुढे, गायत्रीच्या शाळेतसुद्धा. पोरीला चिडवणं थांबलं. गल्लीने मामाशी बोलणं टाकलं, ते त्याने मुकाट सोसलं.

त्यानंतर तो आणखी सहा वर्षं त्याच पट्ट्यावर होता. रोज बाराला दगडाशी बसायचा, कांदा फडक्यावर तसाच ठेवून खाडीकडे बघत.

टिटव्या ओरडत राहायच्या. कुणीही आलं नाही.

मी एकदा त्याला म्हटलं, "मामा, सुटलास की. भूत गेलं."

"तो मला त्रास द्यायला येत नव्हता रे," मामा म्हणाला. "जेवायला येत होता. त्याला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी दारात उभं राहून त्याने माझ्या तोंडून ऐकलं, आणि मग तो आला नाही."