तिसऱ्या कॅमेऱ्यातला काळोख

सिनेमाची गोष्ट जग संपल्यानंतरची होती. सूर्य धुळीनं झाकलेला, वीज कुठेच नाही, उरलीसुरली माणसं पाण्याच्या टाक्यांसाठी एकमेकांच्या जिवावर उठलेली. हाणामाऱ्या, पाठलाग, पेटत्या गाड्या. हे सगळं कुठल्या कॅमेऱ्यानं टिपायचं ते मी ठरवायचं होतं, कारण कॅमेरा मी चालवणार होते.

लोकांना वाटतं, महागातला महाग कॅमेरा उचलला की झालं. तसं नसतं. आत धूळ जाता कामा नये, उन्हात तापून त्यानं मान टाकता कामा नये, गाडीच्या टपावर बांधता आला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे काळोखात त्याला दिसलं पाहिजे. सावलीतला माणूस नुसता डांबराचा गोळा दिसला, तर कोण कुणाला मारतोय तेही प्रेक्षकाला कळायचं नाही.

आम्ही तीन कॅमेरे भाड्यानं आणले आणि शहराबाहेरच्या बंद काच कारखान्यात गेलो. चित्रीकरण तिथंच होणार होतं. दिग्दर्शक होते, हाणामाऱ्या बसवणारे मास्तर होते, मी होते आणि दादा होता.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. तो फोकस धरतो. समोरचा नट पुढे-मागे सरकला की त्याच्याबरोबर भिंगाची कडी फिरवायची, चेहरा क्षणभरही धूसर होऊ द्यायचा नाही, हे त्याचं आयुष्यभराचं काम. या धंद्यात मला त्यानंच आणलं. अलीकडे त्याची नजर अधू झाली होती. उजेडात ठीक चालायचं, अंधारात चाचपडायचा. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं आणि मीही मूग गिळून होते. वहिनीनं मात्र मला फोन करून विचारलं होतं, त्यांना जमेल ना गं हे? जमेल, असं मी सांगून टाकलं होतं.

भट्ट्यांचं दालन लांबलचक होतं. उंचावरच्या खिडक्या काजळीनं बंद झालेल्या. दारातून आलेला उजेड निम्म्या वाटेवर संपायचा आणि पुढे काळोख सुरू व्हायचा. पायाखाली काचेचा चुरा करकरायचा. इतकी वर्षं भट्ट्या थंड होत्या, तरी हवेला जळक्या विटांचा वास होता.

तिन्ही कॅमेरे शेजारी शेजारी लावले. मास्तर दारातून पळत काळोखात जायचे, गर्रकन वळायचे, काठी फिरवत परत यायचे. वयानं साठीला आलेला माणूस, पण दम लागला तरी कबूल करायचा नाही.

मग कारखान्याच्या जुन्या कचेरीत बसून आम्ही घेतलेलं सगळं पडद्यावर पाहिलं. पहिला कॅमेरा वजनदार, पण त्वचेचा रंग अगदी खरा. सावली मात्र काळीकुट्ट. दुसरा लहान, गाडीवर बांधायला उत्तम. काळोखात त्याचं चित्र वाळू सांडल्यासारखं खरखरीत दिसलं. तिसरा नुकताच बाजारात आलेला. त्याचं चित्र लागलं आणि सगळे पडद्याजवळ सरकले. शेवटच्या भिंतीची वीट न् वीट सुटी दिसत होती. मास्तरांच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

आणि त्यांच्या मागे, भिंतीला तोंड करून कोणीतरी उभं होतं.

बाई की बाप्या, ते कळत नव्हतं. हात सरळ खाली, खांदे किंचित पडलेले. रांगेत फार वेळ ताटकळलेलं माणूस उभं राहतं, तसं. दिग्दर्शकांनी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, तिकडे कोणीही नव्हतं, मी भिंतीला हात लावून वळत होतो. मी बाकीच्या दोन कॅमेऱ्यांची तीच जागा उजळून पाहिली. नुसता काळोख.

आम्ही बॅटरी घेऊन तिथं जाऊन आलो. कोरी भिंत, काजळी, बाकी काही नाही. पाइपाची सावली असेल, असं मी म्हणाले. पाइप तिथं नव्हता. दिग्दर्शक हसून म्हणाले, फुकटात एक माणूस मिळाला, वर कपडेपटाचा खर्चही नाही. मास्तर हसले नाहीत. दुसऱ्या चाचणीच्या वेळी गुडघा धरल्याचं सांगून ते निम्म्या वाटेवरूनच मागे फिरले.

दुसऱ्या चाचणीत ते माणूस भिंतीपासून सुटं झालेलं होतं. आता किंचित एका बाजूला वळलेलं. कान दिसत होता.

दिग्दर्शकांना त्याचं काही नव्हतं. यंत्रातली खोट आहे, कंपनी दुरुस्त करून देईल, पण असा काळोख दुसरा कुठला कॅमेरा देणार, असं त्यांचं म्हणणं. मी विरोध करणार होते. तेवढ्यात दादानं मला बाजूला घेतलं.

"यात मला दिसतं गं," तो म्हणाला. "बाकीच्या दोघांत मी अंदाजानं कडी फिरवतो. यात दिसतं."

त्यानं स्वतःच्या डोळ्यांबद्दल माझ्यापाशी काढलेला तो पहिला शब्द. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं त्याचं झालं होतं. मी होकार दिला. भिंग बदलून एकदा पाहू, म्हणाले.

दिग्दर्शक आणि मास्तर कचेरीत चहा घेत होते. आम्ही दोघंच दालनात गेलो. नवं भिंग लावलं की अंतर टेपनं मोजून घ्यायचं, ही दादाची शिस्त. मी कॅमेऱ्यापाशी टेपची डबी धरली. तो टोक घेऊन काळोखात गेला. टेप सुळसुळत निघाली, थोडी थबकली, परत निघाली आणि ताठ झाली.

"पोचलास का?" मी विचारलं. उत्तर आलं नाही, पण टेपला हलकेच हिसका बसला. मी आकडा वाचून भिंगाच्या कडीवर खडूनं खूण केली.

"थांब जरा," माझ्या पाठीमागून आवाज आला.

दादा दारात उभा होता. चष्मा पुसत.

चष्मा गाडीत राहिला होता, म्हणाला. बाजूच्या दारानं जाऊन घेऊन आलो. टेपचं टोक भट्टीच्या कठड्यावर ठेवलंय.

टेप माझ्या हातात ताठ होती.

मग ती सैल पडली. टोक सुटल्यावर टेप सपकन मागे येते, तशी आली नाही. मधे झोळ पडला. झोळ हळूहळू जमिनीला टेकला. पलीकडचं माणूस टोक धरून आपल्याकडे चालत आलं, की पडतो तसा.

काचेचा चुरा वाजला नाही.

मी डबी टाकली. दादा कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यापाशी गेला. त्यात वाकून पाहिलं. त्याचा हात कडीवर गेला.

कडी फिरू लागली. लांबून जवळ. सावकाश, एकसारखी.

"दादा, काय दिसतंय?"

आयुष्यभर चेहऱ्यांमागे फिरलेला तो हात फिरत राहिला. कडी शेवटच्या आकड्याला टेकून थांबली. त्याहून जवळचं त्या भिंगाला दिसत नाही.

मी कॅमेऱ्याची वायर ओढून काढली.

कॅमेऱ्यातल्या कार्डात काय उतरलं होतं ते मी पाहिलं नाही. तिथल्या तिथं पुसून टाकलं. दिग्दर्शकांना सांगितलं, तिसरा तापतो, भरवशाचा नाही. पहिला कॅमेरा घेतला, दिवे वाढवले, गाड्यांसाठी दुसरा ठेवला. सिनेमा पुरा झाला, बरा चालला. तुला नको तर नको, एवढंच दादा म्हणाला. चित्रीकरणाच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं डोळ्यांचं कारण देऊन काम सोडलं. मीही अडवलं नाही.

मध्यंतरी एका दुपारी त्याच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीचे जाड पडदे ओढलेले, आत मिट्ट काळोख. दादा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. चष्म्याशिवाय. पान उलटल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं. डोळे जरा सरावल्यावर पाहिलं, तो बरा दिसत होता, शांत वाटला. स्वयंपाकघरातून वहिनीनं सांगितलं की आता त्यांना छान दिसतं, फक्त उजेड सोसत नाही.

तरी त्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून मी पडदा बोटभर सारायला खिडकीकडे निघाले.

"मधून नको जाऊस," दादा पानावरची नजर न काढता म्हणाला. "कडेनं जा."

मी जागच्या जागी थांबले. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. खोली मोकळी होती, दादाची खुर्ची समोरच होती. तरी ती दारातून वळली आणि भिंतीला पाठ लावून, ट्रे छातीशी धरून, कडेकडेनं त्याच्यापर्यंत गेली.