सावरवेळ

मगदूम पंप्सचा शेअर सलग तिसऱ्या दिवशी घसरला, तेव्हा कंपनीची संचालक पद्मजा मगदूमला पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याची भीती वाटली.

त्या काळात असं वाटण्यात काही वेडेपणा नव्हता. पुण्याच्या डॉ. हेरंब सोवनींच्या नावावर तीन पेटंटं होती. पहिलं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांची हलती चित्रं घेणाऱ्या यंत्राचं. दुसरं रक्तगाळणीचं, म्हणजे रक्त बाहेर काढून, गाळून पुन्हा शरीरात सोडण्याच्या उपचाराचं. आणि तिसरं चक्क शेअर निवडणाऱ्या एका संगणकीय चाळणीचं. पहिल्या दोन शोधांमुळे विस्मरणाचा आजार वेळेत सापडला तर बरा होऊ लागला होता. त्यामुळे तिसऱ्याकडे लोक कौतुकानेच बघत. विद्वान माणसाचा छंद म्हणून सोडून देत. पद्मजाला मात्र आता त्यात वेगळाच वास येऊ लागला. महिन्यापूर्वीच तिने सोवनींच्या केंद्रात मेंदूचं चित्र काढून घेतलं होतं. ‘दोष नाही’ असा अहवाल हातात पडला, आणि पाठोपाठ ती चाळणी वापरणारे मोठमोठे फंड कंपनीतून बाहेर पडू लागले. कारखान्यात कामाला तोटा नव्हता, कामगार खूश होते. मग बाजाराला असं काय कळलं होतं, जे तिला सांगितलं गेलं नव्हतं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने सांगलीहून गाडी काढली.

“माझा मेंदू तुम्ही बाजारात विकलात,” सोवनींच्या समोर बसण्याआधीच ती म्हणाली.

सोवनी रागावले नाहीत. त्यांनी तिची चित्रं पडद्यावर लावली. करड्या रंगात लाल ओहोळ झुळझुळत होते.

“तुमचा मेंदू ठणठणीत आहे, पद्मजाताई. बसा. तुम्ही पंप बनवता ना? चालत्या पंपाला हलका धक्का दिला तर काय होतं?”

“थरथरतो आणि पुन्हा सुरळीत होतो.”

“आणि बेअरिंग जायला आलं असेल तर?”

“थरथर लवकर थांबत नाही.”

“सुरळीत व्हायला लागणारा तो वेळ, त्याला मी सावरवेळ म्हणतो. बिघाड डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी सावरवेळ वाढलेला असतो. माझ्याकडे ही एकच कल्पना आहे, पेटंटं तीन असली तरी. आम्ही तुम्हाला थोडा वेळ श्वास रोखायला सांगितला, आठवतंय? तो धक्का. त्यातून मेंदूतलं रक्त किती लवकर सावरतं, ते यंत्र बघतं. उशीर होत असेल, तर रक्तातली नको ती प्रथिनं आम्ही गाळून काढतो.”

“आणि शेअर?”

“कंपनीलाही धक्के बसतात. माल उशिरा येतो, एखादं गिऱ्हाईक तुटतं. त्यातून ती कशी सावरते, एवढंच ती चाळणी मोजते, तेही जाहीर माहितीवरून. रुग्णांची माहिती तिच्यापर्यंत जात नाही. हवं तर कुणाकडूनही तपासून घ्या. पण ज्या कंपनीत सगळे निर्णय एकच माणूस घेतो, तिथे कंपनीचा सावरवेळ म्हणजे त्या माणसाचाच...” ते थांबले. “तुमच्याकडे निर्णय कोण घेतं?”

पद्मजा आता खुर्चीत बसली.

“दादा,” ती म्हणाली.

भरतेश मगदूम तिचा थोरला भाऊ. पत्र्याच्या शेडमधून कारखाना उभा केलेला माणूस. बोलायला तिखट, निर्णयाला वीज. माणसं त्याच्यासमोर उभी राहायला कचरत. पण गेल्या वर्षभरात तो बदलला होता. बैठकीत मध्येच “थांबा, जरा विचार करू द्या” म्हणायचा. लेथपाशी थांबून कामगारांच्या मुलाबाळांची चौकशी करायचा. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ज्या त्रिशलाचं, पोटच्या मुलीचं, नावही त्याने टाकलं होतं, तिला त्याने स्वतः फोन करून घरी बोलावलं. आता दर रविवारी नात त्याच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळायची. वय झालं की माणूस निवळतो, असं घरातले म्हणत. पद्मजाही तेच म्हणायची. परतीच्या वाटेवर मात्र तिला त्यातल्या एकेका गोष्टीचा संशय येत गेला.

“मला काय धाड भरलीय?” दादा हसला. “उलट आत्ता कुठं मला जरा बरं वाटायला लागलंय, पद्मा.”

“माझ्यासाठी पुण्याला चल. एकदा चित्र काढून घे.”

पूर्वीच्या दादाने ऐकलं नसतं. हा लगेच “बरं” म्हणाला, आणि तिला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

चित्रात त्याचा सावरवेळ वाढलेला निघाला. रक्तगाळणी सुरू झाली. दादा निमूटपणे नळ्या लावून पडून राहायचा, पद्मजा उशाशी बसायची. उपचार लागू पडला. सोवनींनी नवी चित्रं दाखवली, तेव्हा तिला रडू आवरलं नाही. दादा पुन्हा तडकाफडकी निर्णय घेऊ लागला. वर्षभरात दुरावलेली दोन गिऱ्हाइकं परत आली. शेअर चढला.

मग एके दिवशी ऑफिसात, कागदांवरची नजर न काढता तो म्हणाला, “त्रिशलाला सांग, इकडं यायचं बंद कर म्हणावं.”

“दादा, तूच तिला बोलावलं होतंस की!”

“तेव्हा मी आजारी होतो. तूच शोधून काढलंस ना? मग त्या वेळचं कशाला धरून बसायचं?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. चुकीचा सुटा भाग बदलून घ्यावा, तसं तो बोलला. पद्मजाने बाहेर येऊन सोवनींना फोन लावला.

“डॉक्टर, तुम्ही नेमकं काय गाळून काढलंत?”

“प्रथिनं. का, काय झालं?”

“एखादा माणूस पहिल्यांदाच थांबून, दुसऱ्याचा विचार करून वागायला लागला, तर त्याचाही सावरवेळ वाढतो का?”



“वाढू शकतो,” सोवनी म्हणाले. “यंत्राला फक्त उशीर दिसतो. तो कशामुळे, हे दिसत नाही. पण भरतेशरावांच्या बाबतीत तो आजारच होता, असं मी समजतो.”

“समजता?”

“प्रथिनं वयानुसारही थोडी वाढतातच, ताई. आणि एकदा ती गाळली, की पडताळायला मागे काही उरत नाही.”

तिने फोन ठेवला. काचेपलीकडे दादा एका अभियंत्याला उभ्या उभ्या फैलावर घेत होता. पोरगा खाली मान घालून उभा होता. पद्मजाला आठवेना, हे दृश्य शेवटचं कधी पाहिलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. त्रिशला होती.

“आत्ती, पप्पांचे शेवटचे रिपोर्ट आले का गं? कसे आहेत ते? पोरगी सकाळपासून मागे लागलीय, रविवारी आजोबांकडं जायचं म्हणून.”

पद्मजा काचेकडे पाठ करून उभी राहिली.

“पूर्ण बरे झाले गं,” ती म्हणाली.

“देव पावला!” त्रिशला म्हणाली. “मग येतो आम्ही.”