आतली आई

कोल्हापुरात स्वतःला शिव्या घालणारा माणूस सापडणं आता मुश्कील झालं होतं. गाडीवरून घसरलेला माणूस कपडे झटकत उठायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, असू दे, होतं असं. नापास झालेली पोरं पोटभर जेवून गाढ झोपायची. माणसं पूर्वीइतकीच चुकत होती, फक्त त्यापायी कुणी डोकं धरून बसत नव्हतं. सुखी गाव म्हणतात ते याहून वेगळं काय असणार?

या सुखाचं नाव होतं स्वरपालट. कानामागे कातडीखाली बसवलेली, मसुराच्या दाण्याएवढी चकती. आपण मनात बोलतो तेव्हा ओठ हलत नाहीत, पण मेंदू बोलण्याचा हुकूम तयार करतो आणि त्याची एक प्रत ऐकण्याच्या केंद्राकडे धाडतो. म्हणून आवाज नसतानाही आपल्याला आपलं बोलणं ऐकू येतं. गंमत अशी, की स्वतःला रागावताना हा आवाज बहुधा आपला नसतोच. तो वडिलांचा असतो, एखाद्या मास्तरांचा असतो, पुष्कळदा आईचा. स्वरपालट ती प्रत वाटेतच अडवायची, तिच्यातला कडवटपणा काढून टाकायची आणि मऊ करून पुढे सोडायची.

मोठ्या पुरानंतर डॉ. शाल्मली बेडकिहाळ यांनी शेकडो लोकांना ती बसवली होती. मानसोपचाराच्या धंद्यात वीस वर्षं काढलेली ही बाई. सगळ्यांना ती एकच सांगायची, मैत्रिणीशी बोलता तसं स्वतःशी बोला. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन पुन्हा स्वतःला झोडपायचे. चकतीनं ते काम दोन दिवसांत केलं.

प्रणाली चौगुले त्या शेकडोंपैकी एक. तिच्या आईचा नदीकाठच्या गावात डंक होता, म्हणजे मिरच्या कुटायची गिरणी. पुराच्या आदल्या दिवशी आईनं फोन करून विचारलं होतं, "येऊ काय गं तुझ्याकडं?" प्रणालीच्या घरी सासरचे पाहुणे होते. ती म्हणाली होती, "आज नको, उद्या ये." उद्या उजाडायच्या आत पाणी आईच्या घरात शिरलं, आणि ती त्यातच गेली. त्यानंतर प्रणालीनं घास उचलला की आतून आई विचारायची, "गेले का तुझे पाव्हणे?" दवाखान्यात आणली तेव्हा तिचा नुसता हाडांचा सापळा उरला होता.

आज ती पुन्हा समोर बसली होती. अंग भरलं होतं, गालावर तकाकी होती. शेजारी तिची तेरा वर्षांची मुलगी ओवी मोबाइलवर काहीतरी बघत होती. महिन्यापूर्वी प्रणालीनं हट्टानं चकती काढून घेतली होती. शाल्मलीला वाटलं, आता पुन्हा बसवा म्हणेल.

"ओ डॉक्टर, आई काय परत आली नाही," प्रणाली म्हणाली.

"म्हणजे?"

"परवा चटणीचं सामान भाजाय घेतलं. मुद्दाम मिरची करपवली. घरभर ठसका. म्हटलं, आता तरी बोलेल. आईचं एक होतं बघा, मिरची करपली की जिवावर उठायची. 'हातात दम नाही, नजर कुठं असती तुझी,' असलं कायबाय. मी कढईपुढं उभी राहून वाट बघितली. आतनं काय आलं माहिताय? 'असू दे, होतं असं.' आणि ते कुणाच्या आवाजात, तेबी कळंना."

शाल्मलीनं तिला समजावून सांगितलं. रानातल्या पायवाटेवरून माणसं जायची बंद झाली की तिथं गवत माजतं. सहा वर्षं तो कडवट आवाज ऐकण्याच्या केंद्रापर्यंत पोचलाच नाही, तेव्हा मेंदूनं ती वाटच मोडून टाकली. चकती काढली तरी गेलेली वाट परत येत नाही.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"आम्हालाही नंतरच कळलं."

"लग्नाची कॅसेट आहे आमच्याकडं. फोनवरचे निरोप आहेत. त्यात आई बोलती. पण ती जुनंच बोलती ओ. आतली आई मी आज केलेल्या कामावर बोलायची. नवीन साडी घेतली, तर त्यावर बोलायची. तिला ओवीची उंचीबी माहीत होती." प्रणालीनं डोळे पुसले. "मला वाटलेलं, तुम्ही तिचं बोलणं तेवढं थांबवाल. तुम्ही आईलाच घालवलं."

ते खरं होतं, आणि शाल्मलीला ते ठाऊक होतं. पूर्वी असा रुग्ण आला की ती त्याला वर्षभर समोर बसवायची. आतल्या आवाजाला गप्प करायचं नसायचंच, त्याला उलट बोलायचं असायचं. "आई, मला काय माहीत होतं गं पाणी येणार ते?" एवढं एक वाक्य म्हणायला प्रणालीला सहा महिने लागले असते. आणि एखाद्या दिवशी आतून आईच म्हणाली असती, "बरं, जेव आता." माणसाला स्वतःवर माया करायला शिकवायचं म्हणजे हेच. पण पुरानंतर दवाखान्याबाहेरची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, आणि शाल्मलीकडे चकत्यांची पेटी होती. रांग कमी झाल्याचा तिला केवढा आनंद झाला होता! त्या आनंदाची आज तिला लाज वाटली.

प्रणाली मुलीकडे बघत होती. ओवीला पुराच्याच वर्षी शाळेतून चकती बसवली होती, सातव्या वर्षी.

"ओवी, तुझं काय चुकलं की आत कोण बोलतं गं?"

"कोण म्हणजे?" ओवीनं मान वर केली. "बोलतं. छान बोलतं."

"माझ्यासारखं?"

"नाही. कुणासारखंच नाही."

प्रणालीनं खुर्ची पुढे ओढली. "मी मेल्यावर हिच्यात मी कुठं राहणार, डॉक्टर?"

"हिची चकती काढता येईल," शाल्मली हळूच म्हणाली. "वय लहान आहे. तुमचा आवाज हिच्यात अजून रुजेल."

"आणि मग माझ्या हातनं झालं तसं हिच्या हातनं काय झालं तर? मी हिला आतनं टोचत बसणार? जेवू द्यायची नाही?"

"तसं होऊ शकतं. पण तेव्हा मी हिला समोर बसवीन. वर्ष लागलं तर वर्ष."

"तेव्हा तुम्ही असाल?"

शाल्मली पंचावन्नची होती, आणि तसं समोर बसवून शिकवणारं माणूस आता शहरात तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. नव्या डॉक्टरांना फक्त चकती बसवता येत होती.

प्रणालीनं ओवीच्या कपाळावरचे केस मागे सारले. तिचा हात कानामागे गेला, तिथल्या बारीक उंचवट्यावर थांबला आणि खाली आला.

"राहू द्या," ती म्हणाली. "झोपती बिचारी शांत."

ओवी उठून बाहेर गेली. प्रणालीही उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"हिला माझं काहीच बोललेलं लागत नाही, हे चांगलंच आहे न्हवं, डॉक्टर?"

शाल्मलीला हो म्हणायचं होतं. पण ते तिला खरं वाटत नव्हतं, आणि प्रणाली उत्तरासाठी दारात उभीच राहिली.