पत्रातला सातवा मुद्दा

रविवार, ११ जानेवारी १९५३. सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी मुंबईकडे जाणारी मेल आमच्या स्टेशनातून न थांबता गेली. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या असिस्टंट स्टेशन मास्तरांनी तिला हिरवा बावटा दाखवला नाही.

एवढीच नोंद आमच्या वहीत आहे. ती खरी आहे. पुरी नाही.

स्टेशन अंधेरी आणि बोरिवलीच्या मधलं. नाव देत नाही. तिथल्या माणसांना आमच्यामुळे झाला तेवढा त्रास पुरे.

आम्ही म्हणजे तिघं. माझा थोरला भाऊ बाळदादा, विमा कंपनीत कारकून. त्याचा मित्र अनंत. आणि मी, वनमाला आगाशे, वय एकवीस, म्युनिसिपल शाळेत शिक्षिका. तिघांनाही गाड्यांचं वेड. दर रविवारी सकाळी आम्ही स्टेशनच्या पुलावर उभे राहायचो आणि इंजिनांचे नंबर, डबे, वेळा, उशीर असं सगळं वहीत उतरवायचो. दिवाळीनंतर बाळदादानं एक रकाना वाढवला : कर्मचाऱ्यांच्या चुका. देवळात जाऊन पुजारी मंत्र कुठे चुकतो ते मोजत बसावं, तसं ते व्हायला लागलं होतं. पण त्या वेळी मला ते फार हुशारीचं वाटायचं.

स्टेशनवरची माणसं आम्हाला 'वहीवाले' म्हणायची. आम्ही पुलावर दिसलो की रूळ बदलणारा लवू सांधेवाला खालून ओरडायचा, "मास्तरांनू, वहीवाले इले हां! टोपी सरळ करा!"

त्या रविवारी मेलच्या शेवटच्या डब्याचा नंबर टिपायला बाळदादानं मला खाली पाठवलं. धुकं होतं. आरे कॉलनीच्या बाजूनं म्हशींचा आणि ओल्या गवताचा वास येत होता. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली छोटे मास्तर, म्हणजे असिस्टंट स्टेशन मास्तर, उभे होते. श्यामसुंदर तिरोडकर हे नाव मला नंतर कळलं. पांढरा कोट, बोटांना शाई, काखेत दोन गुंडाळलेले बावटे.

"मेल किती लेट आहे हो?" मी विचारलं.

मेल चार मिनिटं लेट आहे हे मला माहीत होतं. पुलावर बाळदादानं ते दोनदा सांगितलं होतं. तरी विचारलं.

"तुम्ही वहीवाल्यांपैकी ना? मग तुम्हीच सांगा."

"आमच्या हिशेबानं चार मिनिटं."

"मग चारच. आमच्या घड्याळाचा काय भरवसा... ते मागे पडतं हेही लिहिलं असेल तुम्ही."

"लिहिलंय. तीन मिनिटं मागे."

"अडीच!" तो एवढ्या कळवळून म्हणाला, की मला हसू आलं. मग त्यालाही आलं. हसताना तो मान किंचित खाली घालायचा, जशी काही हसायची परवानगी घेतलेली नाही.

मी तिथून निघायला हवं होतं. त्याऐवजी म्हटलं, "तांबडा बावटा उजवीकडे, हिरवा डावीकडे – हा नियम आहे का?"

"नियम नाही, माझी सवय." त्यानं दोन्ही बावटे काखेतून काढून माझ्यासमोर धरले. "घाबरला माणूस की त्याचा उजवा हात आधी उठतो. तेव्हा त्या हातात तांबडाच असायला हवा ना? हिरव्याला काय... हिरव्याला घाई नसते –"

तेवढ्यात मेल आली. वाफ, धूर, दगडी कोळशाचा वास, माझा पदर उडाला, आणि तो वळून छपराबाहेर जाईपर्यंत इंजिन पुढे निघूनही गेलं होतं. बावटा हातात होता, पण गुंडाळलेला. शेवटच्या डब्यातून गार्ड वाकून पाहत होता. त्यानं आधी याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोट हलवून दटावलं आणि हसला.

पुलावरून छपराखालची मी दिसत नव्हते. बाळदादाला दिसला तो फक्त न फडकलेला बावटा. त्यानं वेळ लिहिली. मी वर आले आणि गप्प राहिले.

पुढच्या रविवारी, अठरा तारखेला, शेवटच्या डब्याचा नंबर घ्यायला मी आपणहून खाली गेले.

"वाचलो हं," तिरोडकर म्हणाला. "गार्डानं रिपोर्ट केला नाही. म्हणाला, एकदा सोडलं."

"असं सोडतात?"

"एकमेकांचं थोडं सोडावंच लागतं, बाई. बारा तासांची ड्युटी असते. तुम्ही शाळेत फळ्यावर चुकीचं लिहिलं, तर पुसता की पेपरात देता?"

मग तो गाडी जाताना नुसता बावटा धरून का उभा नसतो, ते त्यानं सांगितलं. डोळे चाकांवर ठेवायचे, काही लोंबतंय का बघायचं. चाकाचा आस तापला असेल तर दिसायच्या आधी वास येतो – जळक्या तेलाचा. त्या दिवशी मेल आली तेव्हा त्याचा बावटा वेळेवर होता, आणि मी डोळे मिटून वास घेत उभी होते. डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. लगेच रुळांकडे बघायला लागला.

पंचवीस तारखेला तो म्हणाला, "पुढच्या रविवारी वही न घेता या की एकदा."

"वहीशिवाय इथे काय करू मी?"

"तेच बघायचंय..." मान खाली. हसू.

मी 'येईन' म्हटलं.

एक फेब्रुवारीला मी गेले नाही. बाळदादानं पेपरात पाठवायच्या पत्राचा मसुदा केला होता – 'उपनगरी स्टेशनांवरील ढिलाई', एकूण अकरा मुद्दे, तारीख-वेळेसह. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग; शाळेत माझ्या अक्षराचे नमुने भिंतीला लावतात. मी सकाळीच उतरवायला बसले. पहिला मुद्दा घड्याळाचा, दुसरा सिग्नलचे दिवे उशिरा लावण्याचा... सातव्यापाशी दौतीत टाक बुडवून थांबले.

"दादा, सातवा असू दे का?"

"का गं? खोटा आहे?"

"नाही."

"मग? अगं, बावटा म्हणजे शोभेची वस्तू आहे का? पाच-सहाशे माणसं असतात गाडीत. सगळ्यांत मोठी चूक तीच आहे."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं – मी त्याच्यापाशीच होते. पण त्या वाक्यापाठोपाठ 'तू काय करत होतीस तिथे?' हा प्रश्न आला असता, आणि आई पलीकडे तांदूळ निवडत बसली होती. मी सातवा मुद्दा उतरवला. सुवाच्य. एकही खाडाखोड नाही.

पत्र मंगळवारी, दहा तारखेला छापून आलं. खाली सही : एक रेल्वेप्रेमी.

पंधरा तारखेला मी एकटीच स्टेशनवर गेले. पुलाच्या पायऱ्यांशी लवू आडवा आला. आज त्यानं हाळी दिली नव्हती.

"बाय, खाली जाव नको. छोट्या मास्तराक चार्जशीट इला हा."

"कशाबद्दल?"

"आता ता तुमी माका इचारतास?" तो म्हणाला. "एप्रिलात कायम होवचो होतो तो. आता कसलो कायम! बावटो का नाय दाखवलस म्हणान इचारल्यानी, तर लिवन दिल्यान – लक्ष नव्हता. बस. वहीवाली बाय हुबी होती, ता लिव म्हणान मी सांगलय. आयकना नाय."

मी खाली गेले. तिरोडकर छपराखालीच होता. कोट तोच, पण बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"पेपर वाचलात?" मी विचारलं.

"मोठ्या साहेबांनी वाचून दाखवला. मोठ्यानं."

"माझं नाव का नाही लिहिलंत?"

"काय लिहू? बावट्याबद्दल सांगत होतो म्हणून बावटा राहिला? ऑफिसात वर्षभर हसतील." तो स्वतःच जरासा हसला. "आणि मग विचारतील, मुलगी कोण. तुमच्या घरी शिपाई कागद घेऊन येईल. नको ते... तुमच्या भावाचा राग नाही हं मला. त्यांना वरून जे दिसलं ते त्यांनी लिहिलं."

इथे गप्प राहता आलं असतं. तो मला आयतीच वाट देत होता.

"पत्र मी लिहिलंय," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मसुदा दादाचा. पण उतरवलं मी. सातवा मुद्दाही... मीच."

त्यानं रुळांकडे पाहिलं. मग एखादी गाडी कुठून सुटली ते विचारावं तसं विचारलं, "कधी?"

"एक फेब्रुवारीला. सकाळी."

"रविवारी."

"हो."

"त्या दिवशी ड्युटी संपल्यावरही थांबलो होतो मी. दहापर्यंत." त्यानं बावटे या हातातून त्या हातात घेतले. "लवू म्हणत होता, येत नाही ती. मी म्हटलं, शाळेचं काही काम निघालं असेल..."

"तिरोडकर –"

घंटा झाली. तो पुढे जाऊन प्लॅटफॉर्मच्या कडेला उभा राहिला. मेल अजून धुक्यातही दिसत नव्हती, पण बावटा उलगडलेला होता, हात ताठ. गाडी येईपर्यंत, जाईपर्यंत आणि गेल्यावरही त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

मला त्याच्याबद्दल काय वाटतं, ते मला त्या क्षणी नेमकं कळलं. सांगायचा हक्क नेमका त्याच क्षणी गेलेला होता.

घरी येऊन मी बाळदादाला सगळं सांगितलं. तो आधी पांढरा पडला, मग लाल.

"तू त्याच्यापाशी होतीस? तू त्याच्याशी बोलत होतीस?" त्यानं वही ओढली, ते पान काढलं. "म्हणजे ही नोंद अर्धी आहे! माझ्या वहीत अर्धी नोंद... आणि ती मी छापून आणली, वने?"

"तू नाही. मी."

"माझ्या सांगण्यावरून ना?" तो खाली बसला. "मीही गेल्या महिन्यात चारदा उशिरा गेलोय ऑफिसात. हेडक्लार्कनं मस्टर झाकून ठेवलं होतं माझ्यासाठी."

आईचा प्रश्न निराळा होता. "लग्नाची मुलगी तू. प्लॅटफॉर्मवर परक्या माणसाशी बोलत होते असं सही करून देणार? पुढच्या महिन्यात ठाण्याची मंडळी बघायला यायची आहेत."

"त्यांना आधी कळेल ते बरंच," मी म्हटलं. हे मी धीटपणानं म्हटलं नाही.

पेपराला खुलासा पाठवला. आजतागायत छापलेला नाही. रेल्वेच्या ऑफिसात माझं निवेदन घेऊन मी शुक्रवारी, ६ मार्चला गेले. बाळदादा रजा काढून बरोबर आला आणि बाहेरच्या बाकावर बसला. आत चष्मेवाले अधिकारी आणि एक टंकलेखक होते.

"म्हणजे तुम्ही प्रवासी म्हणून चौकशी केलीत आणि ते माहिती देत होते. तसं असेल तर गोष्ट वेगळी आहे," ते म्हणाले. त्यांचा स्वर वाईट नव्हता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर बहुधा तिथेच भागलं असतं.

"मी प्रवासी नव्हते," मी म्हटलं. "प्लॅटफॉर्म तिकीट होतं. आणि मेल किती लेट आहे ते मला आधीच माहीत होतं."

"मग विचारलंत कशाला?"

खोलीत पंखा फिरत होता. टंकलेखक थांबला होता.

"त्यांच्याशी बोलावंसं वाटलं म्हणून."

टंकलेखकानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"हे असंच लिहायचं?"

"असंच लिहा. बावट्याचा प्रश्नही मीच काढला. ते उत्तर देत होते. त्यांची चूक झाली, पण ती माझ्यासकट झाली. आणि पत्र माझ्या अक्षरात आहे, तेही लिहा."

त्यांनी लिहिलं. मी वाचून सही केली. नियमाप्रमाणे त्याची एक प्रत तिरोडकरला दाखवून त्याचीही सही घेतात, असं टंकलेखकानं जिन्यात मला सांगितलं. म्हणजे ते वाक्य त्यानं वाचलं आहे. टाइप केलेलं.

नऊ मार्चपासून त्याला विरारच्या पुढे, तीन तासांवरच्या एका लहान स्टेशनावर तात्पुरतं पाठवलं आहे. हे निवेदनामुळे की आधीच ठरलेलं, ते मला कळलेलं नाही. ठाण्याच्या मंडळींनी तारीख पुढे ढकलली आहे. बाळदादानं वहीतल्या शेवटच्या रकान्यावर उभी रेघ मारली. अनंतला ते पटलेलं नाही; त्यानं स्वतःची वही केली आहे.

आज शनिवार, २१ मार्च. चौकशीचा निकाल लागलेला नाही. संध्याकाळी लवू आमच्या दारात येऊन गेला. आत ये म्हटलं तर आला नाही. तिरोडकरची ट्रंक लवूच्या खोलीत आहे. गार्डाबरोबर लवूला त्याची चिठ्ठी आली – उद्याची रजा मंजूर झाली, सकाळच्या पॅसेंजरनं येतो. ट्रंक न्यायला येतो, की आणखी कशाला, ते चिठ्ठीत नाही. मी लवूला दोनदा विचारलं.