आतल्या बाजूची झीज

मंगळवारी तीनच्या आत कपाट न्यायचं, असं लिलावघरातल्या विल्फशी ठरलं होतं. माझ्याकडे एकच काम उरलं होतं, कपाटाचा स्थिती-अहवाल. सव्वीस वर्षं मी इंग्लंडातल्या लडलो गावच्या त्या लिलावघरासाठी हेच लिहीत आले आहे. कुठल्या टेबलाचा पाय मागून जोडला आहे, कुठल्या खुर्चीला कीड लागून गेली आहे, कुठल्या आरशाचा पारा उडाला आहे. आता पाळी आमच्या स्वतःच्या कपाटाची होती.

इंग्लिश, महोगनी लाकडाचं, सुमारे १७८०. वरचा भाग काचेच्या दोन दारांचा, पुस्तकांसाठी. खालचा भाग बंद. अकरा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यानं, अल्बननं, ते हौसेनं घेतलं, तेव्हाही अहवाल मीच लिहिला होता. अल्बनला जाऊन चौदा महिने झाले. मी बहिणीकडे राहायला चालले होते आणि तिच्या बुटक्या छताखाली एवढं उंच कपाट मावणार नव्हतं. लोकांना मी एवढंच सांगितलं होतं.

सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगते. तो गेल्यापासून, दुपारी घर शांत असलं की त्या कपाटातून आवाज यायचा. लाकडावरून कुणी अंगठा फिरवावा तसा. पुढे जायचा, थांबायचा, मागे यायचा. मला भीती वाटत नव्हती. मी शेजारच्या खोलीत विणकाम घेऊन बसायचे आणि ऐकत राहायचे.

विल्फ आणि त्याचा भाऊ दीड वाजता आले. पुस्तकं खोक्यांत गेली, फळ्या निघाल्या. वरचा भाग उचलून दोघांनी जमिनीवर उभा केला.

"हेस्टर, तुझा नवरा पुस्तकं वाचायचा की विटा जमवायचा?" कमरेवर हात ठेवून विल्फ म्हणाला.

"उचलायचाच पगार घेतोस ना? उचल मग."

"माझ्या बायकोला हे असं बोलायला तूच शिकवलंस, दुसरं कोण!"

खालचा भाग घेऊन ते दोघं जिना उतरले. मी बॅटरी लावून बसले. डावीकडची खालची काच तडकलेली, जुनीच. एक बिजागरी बदललेली, तीही जुनीच. मग उजवं दार उघडलं आणि त्याच्या आतल्या बाजूवर उजेड धरला.

कुलपाशेजारी, उभ्या पट्टीवर, झिलई गेली होती. खालचं लाकूड उघडं पडून, तेही गुळगुळीत होऊन चमकत होतं. मध्ये अंगठ्याएवढा खोलगट भाग. अशी झीज फक्त हातानं होते आणि व्हायला चाळीसेक वर्षं लागतात. अकरा वर्षांपूर्वीच्या माझ्या कागदात तिचा उल्लेख नव्हता. मी काही नजरेतून सोडत नाही.

विल्फ परत आला. त्यानं वाकून पाहिलं. "‘वयोमानानुसार झीज’ लिही आणि सही कर. आपली तरी काय वेगळी गत आहे?"

"दार उघडणारा माणूस इथे हात लावत नाही, विल्फ. ही आतली बाजू आहे."

"मग कोण लावतं?"

मी बॅटरी त्या खोलगट भागावर धरून ठेवली. त्याचं हसू हळूहळू ओसरलं. "मी... खाली जाऊन चहा टाकतो," तो म्हणाला.

माझं ठरलं होतं. तो हात अल्बनचा असेल, तर कपाट या घरातून हलणार नाही. मीही हलणार नाही. पण खात्री करून घेतल्याशिवाय मी कशाखाली सही केलेली नाही, इथेही करणार नव्हते.

अल्बनचा बागकामाचा हातमोजा आणून त्या जागी धरला. मोज्याचा अंगठा खोलगट भागाच्या इंचभर पुढे गेला. पुन्हा धरला. पुन्हा तेच. अल्बनचा हात मोठा होता.

हातमोजा खाली ठेवला. चौदा महिने मी कुणाची सोबत करत होते?

हात कोणाचा, ते बाहेरून कळणार नव्हतं. बाहेरून लावला तर तो उलटा पडतो. मी बुटकी आहे. बूट काढले आणि तिरकी होऊन आत उभी राहिले. दार ओढून घेतलं. कुलपाची जीभ आपसूक बसली.

आत मेणाचा वास होता, जुन्या कागदाचा होता, आणि त्याखाली बंद खोलीत खूप वेळ कुणी श्वास घेतल्याचा. जुन्या काचेतून खोली पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. मी हात वर केला नाही. तो वर गेला. अंगठा त्या खोलगट भागात बसला. जराही इकडेतिकडे नाही.

मग तो आवाज आला. अगदी जवळून. पुढे... थांबला... मागे...

माझाच अंगठा फिरत होता.

किती वेळ ते सांगता येत नाही. मी मिनिटभर म्हणेन. फार शांत वाटत होतं, आणि त्या शांततेचीच मला धास्ती वाटली. हात माझा आहे, तर तो थांबवायचाही मीच, असं मनाशी म्हटलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि सगळं वजन दारावर टाकलं. कुलपाची जीभ सुटली, दार उघडलं.

विल्फ समोर उभा होता. हातात कप. चेहरा पांढरा.

"कुठे होतीस तू? दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा गार झाला."

"इथेच. कपाटात."

"हेस्टर..." त्याचा आवाज खाली आला. "कपाट रिकामं होतं. मी काचेला नाक लावून बघितलं."

मी कागद ओढून लिहिलं: ‘उजव्या दाराच्या आतल्या बाजूस, कुलपाजवळ, हाताची खोल झीज. अलीकडची. दार बंद करण्यापूर्वी प्रत्येक वेळी आत पाहावे.’ खाली सही केली.

"असलं काही लिलावाच्या यादीत छापतील ते?"

"माझी सही आहे. छापावंच लागेल. न्या आता."

गाडी गेली. खोलीत दिवा लावला आणि झालं एकदाचं, हे बहिणीला कळवायला फोन घेतला. उघडायला उजवा अंगठा टेकवला. ओळख पटत नाही, असं त्यावर उमटलं. पुसून पुन्हा टेकवला. पाच वेळा.

अंगठा दिव्याखाली धरला. त्यावर एकही रेघ नव्हती. कातडी गुळगुळीत होती आणि चमकत होती.

डाव्या अंगठ्यावर सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या.