पहिलं अक्षर तरी सांगा

"निदान पहिलं अक्षर तरी सांगा!"

काउंटरवर कोपरं टेकून तो उभा होता. बोटांवर वाळलेला सरस... व्हायोलिनं दुरुस्त करायचा तो.

आमची कंपनी वेबसाइटची नावं नोंदवते. त्याला आपल्या दुकानाचं नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं होतं. असं नाव हलवायला घेतलं, की मालकाच्या माहितीला कुलूप लागतं: बदलायची नाही, कुणाला सांगायची नाही. न जाणो, मागणारा चोर असला तर? मंजुरीचा मेल नोंदीतल्या पत्त्यावर गेला होता. तो पत्ता दिला होता त्याच्यासोबत दुकान चालवणाऱ्या मामांनी, आणि मामा साफ विसरले होते! शुक्रवारपर्यंत मंजुरी आली नाही, तर सगळं रद्द.

पत्ता माझ्या समोर पडद्यावर होता. पण सांगायची सोय नव्हती.

"पहिलं अक्षर सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

"मग शेवटचं?"

हसू दाबता दाबता माझा जीव मेटाकुटीला आला.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. "तुमचं तोंड उघडतं तरी कधी हो?"

"पाच वाजता. जांभईला."

आणि मेला खरंच पाचला आला! माझी जांभई बघितली, मान डोलावली, गेला. त्या संध्याकाळी मी उगाचच गुणगुणत घरी आले.

शुक्रवारी तो धापा टाकत आला. "पत्ता मामीचा निघाला! मेल केव्हाचा आलाय, पण अनोळखी माणसाला उत्तर द्यायचं नाही म्हणून मामी गप्प!"

"मामींना आमच्याकडे नोकरीला पाठवा."

तो खळखळून हसला. मामींनी मंजुरी दिली होती, काम झालं होतं. तरी तो घुटमळला.

"म्हणजे... आता इथं यायला काही कारण नाही?"

"नाही..." मी म्हणाले. मूर्खासारखी!

तो गेल्यावर कळलं, मला तो हवा होता. त्याचा नंबर आमच्या दप्तरी होता, पण ग्राहकाचा नंबर स्वतःसाठी वापरायचा नाही. ज्या नियमाचा एवढा तोरा मिरवला, तोच माझ्या मुळावर आला. मला रडूच फुटलं.

सोमवारी राहवेना. निदान त्याचं दुकान तरी बघू, म्हणून वेबसाइट उघडली. संपर्काच्या पानावर, सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं होतं –

'व्हायोलिन बिघडलं असेल तर मामांना फोन करा. आणि जिनं मला एक अक्षरही सांगितलं नाही, तिनं मला. हा माझा नंबर. याला कुलूप नाही.'

मी लगेच फोन लावला.

"मालकांची माहिती हवी होती..."

 पलीकडून हसू.

"विचारा. पहिल्या अक्षरापासून सगळं सांगतो... पाचला येऊ?"

"ये," मी म्हणाले. "आज जांभई नाही देणार."